गावाकडचं जुनं घर, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येतात. सगळं वायरिंग बदलू की टप्प्याटप्प्याने करू?

कौलारू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण प्लीज पूर्ण वाचा.

गावचं घर आजोबांनी बांधलेलं आहे, मातीच्या भिंती, वर लाकडी माळा आणि कौलं. पुढच्या दोन खोल्यांत अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग आहे, ४० वर्षं तरी झाली असतील त्याला, वायरवरचं रबर हात लावला की पापडासारखं तुटतं. मागचं स्वयंपाकघर आणि बाथरूम नंतर बांधलं तिथे वायर सरळ प्लास्टरमध्ये पुरलीय, पाइप वगैरे काही नाही. मेनला लोखंडी पेटीचा स्विच आणि चिनीमातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूज वायर बसवायचे खटके. परवा त्यातला एक काढून बघितला तर फ्यूज वायरच्या जागी कुणीतरी जाड वायरचे चारपाच धागे पिळून बसवलेत. प्लग बरेचसे दोन पिनचे, जे तीन पिनचे आहेत त्यांच्या वरच्या मोठ्या भोकात मागून काही जोडलेलंच नाही.

आई तिथे एकटी राहते, वय ७०. या पावसात तिने फोनवर सांगितलं की बाथरूमच्या भिंतीला ओला हात लागला की मुंग्या येतात, आणि नळाला पण कधीकधी. मी लगेच गेलो, टेस्टर भिंतीला टेकवला तर बारीक पेटतो. वायरमनला बोलावलं तर तो म्हणाला पावसात होतं असं, भिंत सुकली की जाईल. आणि अर्थिंगचं विचारलं तर म्हणे खड्डा कशाला करताय, प्लगमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला एक तुकडा मारून देतो, काम झालं.

मला त्यातलं काही पटलं नाही पण मला तरी कुठे काय कळतंय. एकदम सगळं काढून नवीन करायची आत्ता ऐपत नाही. आधी काय करू, काय केलं तर आईला धोका राहणार नाही एवढं सांगा.

पाइपफिटिंग

दादा मी २२ वर्षं हेच काम करतोय. सगळं सोडा, आज आईंना फोन करा आणि बाथरूमकडे जाणारी लाइन बंद करून ठेवायला सांगा, तो किटकॅट काढून बाजूला ठेवला तरी चालेल, मात्र काढताना आधी मेन स्विच खाली पाडायचा, हात कोरडे आणि पायात चप्पल. दोन दिवस बॅटरीच्या उजेडात जाऊ दे. भिंतीला झिणझिण्या येतात म्हणजे फेज कुठेतरी प्लास्टरमध्ये उघडा पडलाय आणि ओली भिंत तो करंट वाहून नेतेय. भिंत सुकली की झिणझिण्या थांबतील हे तो खरं बोलला, पण फेज तिथंच उघडा राहणार ना. पुढच्या पावसात परत, आणि त्या वेळी आई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असल्या तर झिणझिण्यांवर भागणार नाही.

न्यूट्रलवरून अर्थला तुकडा मारू देऊ नका, अजिबात नाही. हे मी हात जोडून सांगतोय. खांबावरून येणारा न्यूट्रल कधीही तुटू शकतो, गावात तर वारा सुटला, फांदी पडली की जॉइंट सुटतोच. तो सुटला आणि घरात एक दिवा जरी चालू असला तरी फेज त्या दिव्यातून न्यूट्रलवर येतो आणि त्या तुकड्यावरून फ्रिजच्या बॉडीवर, वॉशिंग मशीनच्या बॉडीवर, जिथे जिथे तुकडा मारलाय तिथे सगळीकडे. फ्यूज उडत नाही काही नाही. माणूस दार उघडायला हात लावतो आणि चिकटतो. अशी फिटिंग मी किती घरांत काढून फेकलीय त्याची गणती नाही.

फ्यूजचं पण आजच बघा. ५ अँपिअरची फ्यूज वायर असते ०.२ मिमीची, केसासारखी. १५ अँपिअरची ०.५ मिमी. तुमच्याकडे जे पिळून बसवलंय ते वितळेपर्यंत भिंतीतली वायर आधी जळेल, आणि तुमच्याकडे तर लाकडी पट्टी आणि वर लाकडी माळा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) बसेपर्यंत निदान योग्य जाडीची फ्यूज वायर घालून ठेवा.

काळाफळा

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, आता निवृत्त. वरच्या दादांचं सगळं बरोबर आहे, मी फक्त अर्थिंगबद्दल थोडं जोडतो कारण इथे बहुतेक लोकांचा एक मोठा गैरसमज असतो. लोकांना वाटतं अर्थिंगचा रॉड ठोकला की संपलं, बॉडीवर करंट आला की फ्यूज उडेल आणि आपण वाचू. गावात हे बहुतेक वेळा होत नाही. जरा आकडे मांडून बघा.

समजा तुमचा रॉड फार छान बसला आणि त्याचा रेझिस्टन्स ५ ओहम आला. फेज फ्रिजच्या बॉडीला टेकला तर करंट किती वाहील? २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर, आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स धरला तर त्याहून कमीच. आता मेनला ३२ अँपिअरचा एमसीबी आहे. सी टाइपचा असेल तर तो झटक्यात पडायला पाचपट ते दहापट करंट लागतो, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर. ४६ अँपिअर म्हणजे जेमतेम १.४४ पट, आणि १.४५ पट करंटला पडायला त्याला नियमाप्रमाणे एक तासापर्यंत मुभा असते. तो तासभर फ्रिजची बॉडी जिवंत! उन्हाळ्यात जमीन वाळली की रेझिस्टन्स आणखी वाढतो, मग तर एमसीबीला पत्ताही लागत नाही.

म्हणून आरसीसीबी. तो किती करंट वाहतोय हे बघतच नाही, फेजवरून जेवढा गेला तेवढाच न्यूट्रलवरून परत आला का एवढंच मोजतो. मध्ये ३० मिलिअँपिअर कुठे गळाला, भिंतीतून किंवा माणसातून, तर तो पडतो. ३० च का, तर माणसाचे स्नायू साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे आखडायला लागतात, हात सोडवता येत नाही, आणि ३० च्या वर जास्त वेळ राहिला तर हृदयाची लय बिघडण्याची भीती सुरू होते. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर होतात, बघा किती फरक आहे. माणूस किती करंटपर्यंत हात सोडवू शकतो यावर अमेरिकेत चार्ल्स डॅल्झील नावाच्या प्राध्यापकांनी प्रत्यक्ष माणसांवर काळजीपूर्वक प्रयोग केले होते, आणि त्यातूनच १९६१ मध्ये त्यांनी असलं उपकरण बनवलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आणि गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे आरसीसीबी असला की अर्थिंग थोडं कमी पडलं तरी तो काम करतो. बॉडीवर ५० व्होल्टच्या वर येऊ द्यायचं नाही असं धरलं तर ५० भागिले ०.०३, म्हणजे अर्थिंगचा रेझिस्टन्स १६०० ओहमपर्यंत असला तरी चालतो. तेवढ्यावर खूश राहू नका, १०० च्या आत आणाच आणि ५ च्या आत आला तर उत्तम, पण मुद्दा कळला ना.

कौलारू

सर आणि दादा, दोघांचेही खूप आभार, बाथरूमची लाइन काल रात्रीच बंद केली. एक शंका आहे. आमच्याकडचे दोन वायरमन म्हणतात जुन्या घरात आरसीसीबी टिकत नाही, सारखा पडतो, म्हणून आम्ही बसवतच नाही. हे खरं आहे का? आई एकटी असते, रात्री सारखी लाइट जायला लागली तर तिला उठून जिन्याखाली मेनपर्यंत जावं लागेल, अंधारात पडली तर आणखीनच.

ओसरी

खरं आहे, पडतो, आमच्याकडे पण पहिले तीन दिवस सारखा पडत होता. पण तो पडतो म्हणजे काहीतरी गळतंय म्हणून पडतो, त्याचं कामच ते आहे. आमच्याकडे आलेल्या माणसाने चौथ्या दिवशी वैतागून आतल्या आत वायर जोडून तो बायपास करून टाकला, वरून दिसायला चालू पण आत काही नाही, आणि आम्हाला सांगितलं पण नाही. सहा महिन्यांनी मी टेस्टचं बटण दाबलं तर पडेना तेव्हा कळलं. ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो कारण त्या सहा महिन्यांत मुलं बाथरूममध्ये गिझर लावून आंघोळ करत होती. म्हणून बसवल्यावर टेस्टचं बटण तुम्ही स्वतः दाबून बघा आणि महिन्यातून एकदा आईंना दाबायला शिकवा. फक्त त्या बटणाने आरसीसीबी चालतो का एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते त्याच्यावरून कळत नाही.

शोधायची पद्धत सोपी आहे. सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर, मग एकेक एमसीबी चढवत जायचं, ज्याला पडला ती लाइन. मग त्या लाइनवरच्या सगळ्या वस्तू प्लगमधून काढायच्या, नुसतं बटण बंद करून चालत नाही कारण गळती न्यूट्रलमधून पण असते. आमच्या घरात तीन गोष्टी निघाल्या. जुन्या गिझरच्या कॉइलला चीर गेलेली, एका बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र पिळलेले, आणि इन्व्हर्टरवाल्याने इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आणि साध्या लाइनचा न्यूट्रल एकत्र करून टाकलेला. ही शेवटची तर जवळजवळ सगळ्या इन्व्हर्टरवाल्या घरांत सापडेल. ते सुधारलं तेव्हापासून दोन वर्षांत फक्त एकदा पडला, वीज कडाडत होती तेव्हा.

रात्रीच्या अंधाराबद्दल म्हणाल तर एकच आरसीसीबी सगळ्या घराला लावू नका. स्वयंपाकघर-बाथरूमला एक आणि खोल्यांच्या दिव्यांना वेगळा. परवडत असेल तर आरसीबीओ मिळतात, एमसीबी आणि आरसीसीबी एकातच, प्रत्येक लाइनला स्वतःचा. आणि आईंच्या खाटेजवळ चार्जिंगचा दिवा असू दे, लाइट गेली की आपोआप लागणारा.

पाइपफिटिंग

ताई बरोबर बोलल्या. बायपास करणारे आहेत, आमच्याच धंद्यातले आहेत, वाईट वाटतं.

एक राहिलं, आरसीसीबी एकटा बसवायचा नाही, ओव्हरलोड किंवा शॉर्टला तो पडत नाही, त्याच्याबरोबर एमसीबी लागतोच. आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं तर आरसीसीबीला कळत नाही, त्याला वाटतं बल्बच चालू आहे. त्यामुळे बसवला म्हणून चालू लाइनवर हात घालायचा नाही. खरेदी करताना ३० मिलिअँपिअर लिहिलंय ना बघा, १०० आणि ३०० चे पण येतात, ते आगीपासून संरक्षणाचे, माणसासाठी नाहीत. आणि मिळाला तर ए टाइपचा घ्या, आजकाल वॉशिंग मशीन, एलईडी सगळ्यांत इलेक्ट्रॉनिक असतं, एसी टाइपला त्यांची गळती नीट ओळखता येत नाही.

आता सगळं बदलू की टप्प्याने, तर माझं मत, टप्प्याने करा पण क्रम चुकवू नका. आधी रॉड आणि नवीन डीबी, म्हणजे मेनजवळची स्विचची पेटी, त्यात आरसीसीबी आणि एमसीबी. मग बाथरूम-स्वयंपाकघराची लाइन, जुनी वायर शोधत बसू नका, दोन्ही टोकांना कापून मारून टाका आणि नवीन वायर वेगळ्या वाटेने न्या. पुढच्या खोल्यांची लाकडी पट्टी सगळ्यात शेवटी, पण तोपर्यंत त्या लाइनला ६ अँपिअरचा एमसीबी लावा आणि तिच्यावर दिवे-पंख्याशिवाय काही लावू नका. इस्त्री नाही, हीटर नाही. तुमची जुनी वायर बहुतेक ३/२२ असेल, म्हणजे साधारण १.२ स्क्वेअर एमएम, तांबं अजून चांगलं असतं पण वरचं रबर मेलेलं असतं आणि गरम झालं की गळून पडतं.

नवीन घालताना दिव्यांना १.५ स्क्वेअर एमएम आणि १० अँपिअर, प्लगना २.५ आणि १६ अँपिअर, गिझरला स्वतंत्र लाइन ४ ची आणि २० अँपिअर. एमसीबी वायर बघून ठरवायचा, लोड बघून नाही. पडतोय म्हणून मोठा एमसीबी टाकणं म्हणजे तेच, किटकॅटमध्ये जाड वायर पिळणं.

माळवद

मी मातीच्या घरांची दुरुस्ती करतो, वायरिंग माझं काम नाही पण एक कळकळीने सांगतो, मातीच्या भिंतीत खाचे मारू नका. मशीनने खाच मारली की भिंत हलते, पोपडे सुटतात आणि वर सिमेंटने भरलं की ओल आत अडकून बसते, मातीच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. वरून पाइप न्या, कडक पीव्हीसीचा, क्लिपा मारून. दिसायला थोडं वेगळं दिसतं पण उद्या काही बिघडलं तर भिंत फोडावी लागत नाही आणि उंदीर कुरतडत नाहीत. माळ्यावर तर उघडी वायर ठेवूच नका, तिथे धान्य, गवत, जुने कपडे काय काय असतं. जॉइंट माळ्यावर मारायचाच नाही, मारावा लागला तर झाकणाच्या डब्यात आणि कनेक्टरने, पिळून टेप मारलेला नाही. टेपचा डिंक उन्हाळ्यात सुटतो, मी स्वतः काळा पडलेला तुळईचा तुकडा काढून बदललाय, वर बघितलं तर पिळलेला जॉइंट.

काळाफळा

सैल जॉइंट किती तापतो याचा हिशोब सांगतो, समजा सैलपणामुळे तिथे फक्त अर्धा ओहम आला आणि त्यातून १० अँपिअर वाहतोय, तर १० गुणिले १० गुणिले ०.५ म्हणजे ५० वॅट, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटची असते. आणि एमसीबीला हे कधीच कळत नाही कारण त्याच्या मते १० अँपिअर ठीक आहे. म्हणून बोर्ड गरम लागतोय, जळका वास येतोय, दिवा फडफडतोय असं काही दिसलं की वाट बघू नका. ॲल्युमिनियमची वायर कुठे तांब्याला पिळलेली असेल तर ती पहिली सोडवा, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि स्क्रूखाली ते दबत दबत सैल होतं.

ओसरी

घराबाहेरचं पण बघा हो. आमच्या एका नातेवाईक काकूंना कपडे वाळत घालायच्या तारेने शॉक बसला होता, तार एका बाजूला पत्र्याच्या शेडला बांधलेली आणि खांबावरून येणारी वायर त्याच शेडवर घासून उघडी पडलेली. काकू वाचल्या कारण त्यांच्या सुनेने हात न लावता आधी मेन बंद केला. हे आईंना आणि शेजारच्यांना नक्की सांगून ठेवा, चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायचं नाही, आधी मेन बंद, मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करायची. आणि सुटल्यावर श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. वाळत घालायला नायलॉनची दोरी लावा. पाण्याच्या मोटारीला स्वतंत्र आरसीबीओ लावा. इतके दिवस घरात काही झालं नाही म्हणून बाहेरचं कुणी बघतच नाही.

कौलारू

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा. दुसरा वायरमन मिळाला, वयाने लहान आहे पण मेगर, म्हणजे वायरवरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, घेऊन आला. सगळ्या वस्तू काढून, दिवे सोडवून ५०० व्होल्टला एकेक लाइन मोजली. त्याने सांगितलं १ मेगाओहमच्या वर हवं. पुढच्या खोल्या २.५ आल्या, बाथरूमची लाइन ०.०२! प्लास्टर फोडून बघितलं तर आरशासाठी ठोकलेला खिळा सरळ वायरमधून आरपार गेलेला, आणि खिळ्यापासून नळाच्या लोखंडी पाइपपर्यंत भिंत ओली. आरसा मीच लावला होता ११ वर्षांपूर्वी. आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शिवाय बाथरूमच्या दिव्याचं बटण न्यूट्रलवर निघालं, म्हणजे दिवा बंद केला तरी होल्डरमध्ये फेज असायचाच. आणि आई बल्ब स्वतः बदलायची.

रॉड ठोकला, ८ ओहम आला. डीबी बसली, दोन आरसीसीबी ३० चे, टेस्टचं बटण मी दाबून बघितलं आणि आईकडून पण दाबून घेतलं. बाथरूम-स्वयंपाकघर पाइपमधून नवीन झालं. पुढच्या खोल्या ६ अँपिअरवर ठेवल्यात, पुढच्या वर्षी करू. पण त्या २.५ मेगाओहमवर एक वर्ष भरवसा ठेवू का?

पाइपफिटिंग

ठेवा, पण दिवाळीत आलात की एकदा आणि पुढचा पाऊस सुरू झाल्यावर भर ओलीत एकदा परत मेगर मारून घ्या, आकडा पाटीवर खडूने नको, डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसकट लिहून ठेवा. २.५ चा दीड झाला तर वर्षाची वाट बघू नका, तेवढ्या दोन खोल्या लगेच करून टाका. आणि ते बाथरूमचं बटण फेजवर घेतलं ना? लिहिलं नाहीत म्हणून विचारतोय.

कौलारू

हो दादा, पहिल्याच दिवशी घेतलं. आकडा पण लिहिला आता, तारखेसकट.